माळावरचा स्टायलो तिसऱ्या वर्षी कुठे जातो?

आषाढ लागला की मला हमखास तीन-चार फोन येतात आणि सगळ्यांची सुरुवात सारखीच असते: "भाऊ, बी बोगस निघालं." पहिल्या वर्षी माळ स्टायलोच्या, म्हणजे चाऱ्यासाठी पेरलेल्या झाडाच्या, पिवळ्या फुलांनी भरला होता, दुसऱ्या वर्षी निम्माच उरला, यंदा नुसतं कुसळीचं गवत. फोन करणारा कधी नांदगावचा असतो, कधी चांदवडचा, पण बहुतेक वेळा आमच्याच सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला. मी उलट एकच विचारतो, "दसऱ्याला त्या रानात शेळ्या होत्या का?" पलीकडून उत्तर येतं, "मग आणखी कुठं असणार?"

तिथेच निम्मं निदान झालेलं असतं. उरलेलं निम्मं फोनवर सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं रान सांगतो, म्हणजे तुमच्या रानाशी ताडून बघता येईल. वावी-पांगरीच्या बाजूला दोन एकरांच्या आसपास मुरमाड माळ आहे. वरची माती वीतभर, खाली मुरूम, आणि पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. विहिरीचं पाणी कांद्याला जातं, माळाला थेंबही मिळत नाही. जनावरं म्हणजे चौदा शेळ्या, दोन गावठी गाई आणि एक संकरित. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातल्यांनी हे जरा जपून वाचावं. तिथे ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. त्यावर शेवटाकडे दोन शब्द आहेतच.

आणखी एक. दुकानात आणि गावात आपण "स्टायलो गवत" म्हणतो, पण ते गवत नाही. हरभरा, मूग, चवळी यांच्या भावकीतलं ते शेंगवर्गीय झाड आहे. नाव काहीही ठेवा, पण राखताना ते गवत समजून राखलं की घोळ होतो, कारण गवत बुडख्यातून पुन्हा फुटतं आणि स्टायलो, निदान आपल्याकडे जास्त चालणारा हमाटा प्रकार, बहुतेक करून बियांतून पुन्हा येतो.

सगळा मामला या एका फरकावर उभा आहे.

कधी गायब झाला, ते आधी बघा

"स्टायलो गेला" या एका वाक्यात चार वेगळी दुखणी असतात. उगवलाच नाही, हे एक. उगवला पण पिवळा पडून खुजा राहिला, हे दुसरं. उगवला, हिरवा होता, पण गवताने दाबला, हे तिसरं. आणि पहिलं वर्ष झकास जाऊन पुढे विरळ होत गेला, हे चौथं. मला येणाऱ्या फोनांत चौथंच सगळ्यात जास्त, आणि बियांवर आळ येतो तोही याच चौथ्यात. बी खरंच खराब असेल तर पहिल्या वर्षीच दिसेल. पहिल्या वर्षी माळ भरला असेल तर दुकानदाराला सोडून द्या, बिचाऱ्याचा त्यात हात नाही. (बाकी बाबतीत त्याची बाजू घ्यायला मी बांधील नाही.)

अंदाजाने बोलायचं नसेल तर मोजा. चार सरळ काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. पहिला चांगला पाऊस होऊन तीन आठवडे झाले की रानात फिरत दहा ठिकाणी ती टाका. डोळे झाकून टाका, नाहीतर हात आपोआप चांगल्या जागेकडे जातो. प्रत्येक चौकटीत दोन आकडे लिहा: जुनी, लाकडासारखी झालेली खोडं किती, आणि यंदाची कोवळी रोपं किती. नवं रोप ओळखायला सोपं, त्रिदळी पान, बारीक, सरळ काडी, उपटलं तर सहज येतं. जुनं खोड हाताला लागतं.

जुनी खोडं चार आणि नवी रोपं शून्य असतील तर ते रान म्हाताऱ्यांचं गाव आहे. या वर्षी हिरवं दिसेलही, पण पुढच्या वर्षी नाही. हमाटाचं झाड दोन, फार तर तीन वर्षांचं सोबती. जुनं एकच आणि नवी पंधरा-वीस असतील तर लांबून रान विरळ वाटलं तरी घाबरू नका, श्रावणात भरेल. माझ्या हिशेबात चौकटीत मिळून दहाच्या वर असली तर बरं चाललंय. पाचाच्या खाली आली की मी बियांची पिशवी काढतो.

मला हे कसं कळलं

माझाही स्टायलो तिसऱ्या वर्षी गेला होता. मीही दुकानदाराला बोल लावले, दुसरीकडून बी आणलं, पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेरायला पैसे नव्हते म्हणून गप्प बसलो.

त्याच सुमारास माळाच्या कडेला कांदाचाळ बांधायला काढली. विटा, वाळू, लोखंडी अँगल असा पसारा दोन-तीन गुंठ्यांवर पडला. जनावरं त्यात शिरून पाय मोडून घेतील म्हणून बाभळीचे काटे टाकून तेवढा तुकडा बंद केला. काम रखडलं, जसं रखडतं. गणपतीत सुरू झालेली चाळ दिवाळी उलटल्यावर उभी राहिली. काटे काढले, विषय संपला.

पुढच्या मृगात पाऊस झाला आणि पंधरा दिवसांनी बघतो तर विटांच्या आसपासच्या त्या तुकड्यात स्टायलोची रोपं सतरंजी अंथरल्यासारखी. बाकी माळावर शोधावी लागत होती. आधी वाटलं, सिमेंटचा गुण असेल. मग वाटलं, चाळीतला कांद्याचा पालापाचोळा तिथे कुजला असेल. चुलते म्हणाले, "वाळू पडली, माती भुसभुशीत झाली." कुणालाही सुचलं नाही की त्या तुकड्यात वेगळं एवढंच घडलं होतं: भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत तिथे एकाही शेळीचं तोंड लागलं नव्हतं.

आपण नेमकं उलट करतो. पावसाळ्यात, रोपं लहान आहेत, म्हणून माळ राखतो. श्रावणभर राखण करतो, पोराला बांधावर बसवतो. मग दसरा येतो, बाजरी काढली जाते, बांधावरचं गवत वाळायला लागतं, जनावरं ओरडतात आणि आपण म्हणतो, आता सोडा माळावर. हमाटाला फूल येतं भाद्रपदात, शेंग भरते आश्विनात, पिकून गळते कार्तिकात. म्हणजे लेकुरवाळी व्हायच्या आत आपण तिची मान कापतो, आणि पुढच्या आषाढात विचारतो, पोरं कुठंयत?

जनावराचा दोष नाही. पाऊस सरत आला की कुसळ, पवना, डोंगरी ही गवतं निसवतात, म्हणजे तुऱ्यावर येतात, आणि कडक होतात. वाळलेल्या कुसळीत प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर उतरतात, आणि जनावराच्या पोटातले जिवाणू नीट चालायला चाऱ्यात साधारण ७ टक्के तरी लागतात. त्या वेळी माळावर हिरवा पाला एकट्या स्टायलोचा, प्रथिनं गवताच्या तिप्पट-चौपट. शेळीला पाठ्यपुस्तक लागत नाही, ती सरळ शेंड्याकडे जाते. आणि फुलं-शेंगा शेंड्यालाच असतात.

उपाय: कधी सोडायचं आणि कधी नाही

आता मी काय करतो ते सांगतो. माळाचे दोन भाग केले आहेत, मध्ये बोरी-बाभळीच्या काट्यांची वई. गणपती बसले की एक भाग बंद. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. पुढच्या वर्षी हा भाग चराईला खुला आणि दुसरा बंद. आधी तीन भाग करून पाहिले होते, तेव्हा प्रत्येक भागाची पाळी तीन वर्षांनी यायची. तेवढ्यात जुनी झाडं मरतात आणि मातीतलं बीही संपत येतं. दोन भागांत एक वर्षाआड बी पडतं, तेवढं पुरतं. स्टायलोचं बी कठीण सालीचं असल्याने सगळं एका पावसात उगवत नाही, काही मागच्या वर्षीचं पुढच्या वर्षी उगवतं. आमच्यासारख्या ओढ देणाऱ्या पावसात हा फार मोठा आधार आहे. रोहिणीच्या वळवात उगवलेली रोपं जूनच्या तडाख्यात वाळून गेली तरी मागे रांग लागलेली असते.

बंद भाग तारखेवर उघडू नका, बी पडलं का ते बघून उघडा. झाडाच्या बुडाशी चिमूटभर माती उचला आणि तळहातावर चोळून फुंका. बारीक तपकिरी शेंगा हाती राहिल्या पाहिजेत, हमाटाच्या शेंगेला टोकाला आकड्यासारखी चोच असते. चार-पाच ठिकाणी अशी माती उचलून तीन ठिकाणी शेंगा सापडल्या तर उघडायला हरकत नाही. यानंतर जनावरं सोडली तर उलट फायदा. गळालेला पाला आणि शेंगा गाई जिभेने चाटून घेतात. सगळं बी काही पोटात मोडत नाही, काही शेणातून तसंच बाहेर पडतं आणि जाईल तिथे उगवतं. माझ्या बांधावर आणि विहिरीच्या वाटेवर मी कधीच स्टायलो पेरलेला नाही, तो गाईंनी पेरलाय. शेळ्या-मेंढ्या बी जास्त चावतात, त्यांच्या लेंड्यांवर फार भरवसा ठेवू नका.

फुकट यातलं काहीच नाही. गणपती ते त्रिपुरी हे सव्वादोन-अडीच महिने निम्मा माळ हातचा जातो. त्याची भरपाई म्हणून मी कांद्याच्या रोपवाटिकेशेजारी पाच गुंठे चाऱ्याची चवळी आणि मका टाकतो आणि दोन शेळ्या त्या आधी विकतो. ज्याला शेळ्या विकायच्या नसतील त्याने माळाचा पाव हिस्सा तरी बंद ठेवावा. काहीच बंद ठेवायचं नसेल तर दर दोन वर्षांनी बी विकत आणायची तयारी ठेवावी, तोही एक धंदा आहे.

दुसरी बाजू पावसाळ्याच्या सुरुवातीची. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण मी करून पाहिलंय. जुनं, लागलेलं रान असेल तर आषाढ-श्रावणात राखू नका, चारा. गवत वीतभर झालं की गाई आत सोडा. शेळ्या नको, गाई. त्या वेळी गवत कोवळं, गोड असतं आणि गाई आधी तेच खातात, स्टायलोला सोडून देतात. गवताची सावली हटते आणि खाली दबलेल्या रोपांना ऊन मिळतं. गवत घोट्याइतकं खाली आलं की बाहेर काढा, तीन आठवडे विश्रांती द्या, मग पुन्हा एकदा. ज्यांचा स्टायलो गवताने दाबला, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं: जास्त राखण. रान ओलं असेल आणि खूर रुतत असतील तर मात्र दोन दिवस थांबा, नाहीतर रोपं खुरांखाली जातात.

पेरणीच्या पहिल्या वर्षी हा नियम नाही. पहिल्या वर्षी रोपं हातभर होईपर्यंत कोणीच आत नको. गवत वर आलं तर विळ्याने शेंडे छाटून ते दावणीला घाला. आणि पहिल्या वर्षीचं बी पूर्ण पडू द्या. ज्यांनी पहिल्याच दिवाळीला माळ चारला त्यांच्या स्टायलोला पुढचा जन्मच मिळत नाही.

उगवलाच नाही तर

हे दुखणं साधं आहे. साल इतकी टणक की पाणी आत शिरत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, चूक तपमानात होते. बियांना ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटं ठेवायचं, मग रात्रभर थंड पाण्यात भिजवायचं आणि सकाळी सावलीत सुकवून पेरायचं. घरी थर्मामीटर कोणाकडे असतो? मी तीन तांबे उकळतं पाणी आणि एक तांब्या साधं पाणी एकत्र करतो, ते ८० च्या आसपास बसतं. बी पाण्याच्या मानाने थोडंच टाका, किलोला पाच लिटर तरी पाणी हवं, नाहीतर बी टाकताच पाणी कोमट होतं. चूल चालू ठेवून त्यावरच बी टाकणारे आहेत. मी स्वतः पहिल्या वर्षी एक किलो असंच उकडून काढलं, खायला घेतलं असतं तर उसळ झाली असती.

आता थोडी गंमत. सगळंच बी गरम पाण्यातून काढू नका. मी निम्मं काढतो, निम्मं तसंच मिसळतो. पहिला पाऊस फसवा निघाला तर प्रक्रिया केलेलं बी एकदम उगवून एकदम मरतं, कोरडं बी मागाहून येतं.

खोली हे दुसरं कारण. तिफणीने बाजरीसारखं पेरलं की बी खोल जातं आणि वर येण्याआधी दम संपतो. अर्धा ते एक सेंटिमीटर, बस. वखराची एक हलकी पाळी घालायची, बी चौपट वाळूत मिसळून हाताने फोकायचं, आणि वरून बोरीची फांदी ओढायची. फोकून पेरायला एकरी चार किलो लागतं, ओळीत पेरलं तर अडीच किलोत भागतं. वाण म्हणाल तर हमाटा लवकर फुलतो आणि बियांवर जगतो, कमी पावसाला म्हणून चालतो. स्कॅब्रा उंच आणि लाकडी होतो, जास्त वर्षं टिकतो, पण शेळ्यांनी खोड सोलू नये एवढं बघावं लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले क्रांती हाही वाण आहे. बी घेताना वाण विचारा. "स्टायलो आहे" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं दुकान बघा.

पिवळा पडतो, वाढत नाही

एक रोप खुरप्याने मुळांसकट खणून काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि मग "गाठीच नाहीत" असा निष्कर्ष निघतो. मुळं पाण्यात हलवून धुवा, बारीक मण्यांसारख्या गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती हवेतला नत्र पकडतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती बसून खातेय. गाठीच नसतील तर पुढच्या पेरणीला चवळीला चालणारं रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळा. स्टायलो जिवाणूंच्या बाबतीत फारसा नखरेल नाही, आपल्या मातीत चवळी-मुगाचे जे असतात त्यांच्याशी बहुधा जुळवून घेतो. म्हणून माझ्याकडे तरी गाठींपेक्षा स्फुरदाचीच (फॉस्फरसची) अडचण निघाली.

आमच्या मुरमाड आणि चुनखडीच्या रानांत स्फुरद कमीच मिळतो, आणि स्फुरदाशिवाय गाठी काम करत नाहीत. पैसे खर्च करण्याआधी एका गुंठ्यावर परीक्षा घ्या. जूनमध्ये एका गुंठ्यात अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका, म्हणजे एकरी दोन गोणी पडले, आणि चार कोपऱ्यांत खुंट्या ठोका. श्रावणात तो गुंठा लांबूनही वेगळा दिसला तर सगळ्या माळाला द्या. न दिसला तर पैसे वाचले. सुपर फॉस्फेटच घ्या म्हणतो, कारण त्यात गंधकही येतं.

युरिया मात्र टाकू नका. पिवळं दिसलं की हात आपोआप युरियाच्या गोणीकडे जातो. आठ दिवसांत माळ हिरवागार होतो, पण हिरवं होतं ते गवत. ते उसळतं, स्टायलोला दाबतं, आणि स्टायलोही आयता नत्र मिळाल्यावर गाठींचं काम सोडतो. माझ्या ओळखीत दोन रानं अशी युरियाने गेली.

टाकळ्यावरून फसू नका, हेही इथेच सांगतो. पावसाळ्यात माळावर टाकळा माजतो, तोही शेंगवर्गीय, म्हणून काहींना वाटतं की जमीन आपोआप सुधारतेय. टाकळ्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. फुलायच्या आत उपटा, गाजरगवताबरोबर. रानमूग, रानहुलगा असले आपल्या माळावरचे जुने वेल दिसले तर मात्र राहू द्या, ते घरचेच.

काळे डाग, अचानक मर

खोडावर काळपट चट्टे, पानांवर तपकिरी ठिपके, आणि पट्ट्यापट्ट्याने झाडं वाळणं, हा करपा. दमट हवेत जोर धरतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात १९७० च्या दशकात याच करप्याने टाउन्सव्हिल स्टायलोची कुरणंच्या कुरणं बसवली, आणि त्यानंतर तिथे हमाटाचा व्हेरानो वाण पुढे आला. म्हणून सगळा माळ एकाच वाणाचा ठेवू नये. मी हमाटा आणि स्कॅब्रा मिसळून फोकतो. फवारणीच्या भानगडीत पडत नाही, माळाला ते परवडत नाही.

इगतपुरी-घोटीकडच्या, डांगी गाई राखणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. तिकडे पाणी साचतं आणि हवा महिनोन् महिने ओली असते. सखल भागात स्टायलो कुजणारच. उताराची, निचऱ्याची जागाच धरा.

आणि वणवा. होळीच्या आसपास कुणीतरी बिडी टाकतं आणि माळ जातो. मातीतलं बी बरंचसं वाचतं, वरची झाडं जातात. अशा वर्षी पावसानंतर रोपं भरपूर येतील, पण ती पहिल्या वर्षाची समजून राखा.

घास चारणाऱ्यांचा वेगळा हिशेब

निफाड-दिंडोरीकडून फोन येतात त्यात "घास" असतो, म्हणजे लसूणघास. बागायती रानात पेरलेला, आणि मजूर मिळत नाही म्हणून कापून घालण्याऐवजी जनावरंच आत सोडलेली. तो विरळ होतो तेही चराईनेच, पण कारण वेगळं. लसूणघास बुडख्यातल्या कोंबांवर जगतो आणि मुळातल्या साठ्यावर फुटतो. सतत तोंड लागलं की साठा संपतो. एका तुकड्यात सात-आठ दिवसांच्या वर जनावर ठेवू नका आणि मग महिनाभर तरी तिकडे फिरकू देऊ नका. विरळ झालेल्या घासात वरून नवं बी विस्कटून काही हाती लागत नाही, जुना घास स्वतःच्याच रोपांना मारतो. मोडून दुसरं पीक घ्या, मग पुन्हा पेरा. याला जिवाणूही स्वतःचेच लागतात, चवळीचे चालत नाहीत. बियांत अमरवेलीचे दाणे नाहीत ना, तेवढं चाळून बघा.

मोठी भीती पोटफुगीची. स्टायलोने पोट फुगत नाही, लसूणघास आणि बरसीमने फुगतं, त्यातही कोवळा, दवाने भिजलेला आणि उपाशी जनावराने खाल्लेला. आधी कडबा खाऊ घाला, दव उडाल्यावर सोडा, पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या वर नको. डावी भकाळी (फासळ्यांमागची पोटाची बाजू) नगाऱ्यासारखी ताठ झाली, जनावर पाय आपटतंय, लाळ गळतेय, तर गाईला पाव ते अर्धा लिटर आणि शेळीला ५० ते १०० मिलिलिटर गोडेतेल हळूहळू पाजा. मान फार वर ओढू नका, तेल फुप्फुसात जातं. आणि पाजता पाजताच डॉक्टरांना फोन लावा. जनावर आडवं पडलं असेल किंवा दम लागला असेल तर तेलात वेळ घालवू नका.

इतकं करूनही गेला तर

तर मग बहुधा तुमची जनावरं नाहीत, दुसऱ्याची आहेत. गावाला लागून गायरान असेल, किंवा दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या मेंढरांची वाट तुमच्या माळावरून जात असेल, तर बंद भाग हा फक्त तुमच्यापुरता बंद असतो. मेंढी अगदी बुडापर्यंत खाते. मी यावर भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. आता दर वर्षी त्रिपुरीनंतर मीच मेंढपाळांच्या वाड्याला (मुक्कामाच्या टोळीला) बोलावतो आणि बी पडलेल्या भागात दोन रात्री मेंढ्या बसवतो. खत मिळतं, आणि त्या बदल्यात गणपती ते दिवाळी तो भाग वगळून जायचं, असं तोंडी ठरलंय. तीन वर्षं पाळलं गेलं. चुलत्यांची गाय मात्र अजून पाळत नाही.

फोन करणार असाल तर करा, पण एवढं हाताशी ठेवा: चौकटीतले दहा आकडे, जुनी वेगळी आणि नवी वेगळी. खणून काढलेल्या एका रोपाच्या गाठीचा आतला रंग. वाणाचं नाव. आणि गेल्या वर्षी गणपती ते त्रिपुरी जनावरं कुठे होती, ते खरं खरं.